कालवडीच्या नावावरचा उतार

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, म्हणून मला निम्मंच कळलं. जे कळलं ते असं, की तुमच्या तिकडच्या रस्त्यावर म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी घरं बांधायची आहेत, त्यावर रहिवाशांची सभा झाली आणि पुष्कळांनी हरकत घेतली. मोटारी लावायला जागा उरणार नाही, रस्त्याची शोभा जाईल, असं काहीसं. धाकटीनं विचारलं, "आजी, तुमच्या गावात त्या काळी असले नियम होते का गं?" मी "होते" म्हणाले आणि फोन कटला. सभेत तुम्ही हात कोणत्या बाजूनं वर केलात ते मात्र दोघांनीही सांगितलं नाही.

ही फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. दिवाळीपासून माझ्या हातात काठी आली. घरातून रस्त्यावर जाताना मी रोज ज्या फरशीच्या उतारावरून जाते, तो तिथं कसा आला हे सांगू शकणारं आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. तुमचे बाबा तेव्हा फार लहान होते. त्यांना विचाराल तर त्यांना फक्त कालवड आठवते.

तर क्रमानं सांगते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराला माझं लग्न झालं. अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, मेहकर तालुक्यातल्या या गावी आले. डोणगावच्या बाजारातून बैलगाडीनं सकाळी निघालं की जेवणाआधी पोचावं, एवढ्या अंतरावर आपलं गाव. तुमचे आजोबा इथल्या शाळेत मास्तर होते. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात आम्ही दोघं आणि आजोबांची थोरली बहीण. तुमचे बाबा तिला आत्या म्हणत, मी वन्सं म्हणत असे, आणि इथंही वन्संच म्हणेन.

लहानपणी ताप आला आणि वन्संच्या दोन्ही पायांतली शक्ती गेली. मी आले तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या. दंड पैलवानासारखे, तोंड त्याहून दणकट. गावच्या सुतारानं त्यांना एक गाडी करून दिली होती. गाडी म्हणजे सागाची फळी, तिला खाली चार लहान लोखंडी चाकं. फळीवर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून जमीन मागं रेटायची. ती गाडी निघाली की असा खडखडाट होई, की गल्लीतल्या बाया आवाज ऐकूनच चहाचं आधण ठेवत.

वन्सं हाताच्या मशीनवर चोळ्या आणि परकर शिवत. मापं घ्यायला मात्र त्या स्वतः घरोघर जात. माप हे निमित्त असे. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून रुसली, कुणाच्या पोराला मेहकरला नोकरी लागली, हे सगळं मापाबरोबर घरी यायचं. आणि संध्याकाळी पंचायतीसमोर निंबाखाली रेडिओ लागे, तिथं त्या जात. सरकारनं पंचायतीला दिलेला तो रेडिओ. शेतीचा कार्यक्रम, बातम्या, मग गाणी. तिथं सगळे पुरुष बसत. बाई एकच, आणि ती सर्वांत पुढं. त्यांना जागा करून द्यायला लोक सरकत, कारण न सरकल्यास गाडीचं चाक पायाच्या अंगठ्यावरून जाई.

हे सगळं होऊ शकत होतं, कारण आमच्या जुन्या घराचा उंबरठा रस्त्याच्या पातळीला होता. हातांवर भार देऊन स्वतःच अंग जरा उचलून घेतलं की वन्सं बाहेर. याचा विचार कधी कुणी केला नव्हता. श्वास घेण्याचा कुठं आपण विचार करतो?

मग रस्ता मोठा झाला. खडी-मुरूम घालून तो इतका उंच केला, की दोन्हीकडची घरं खड्ड्यात गेल्यासारखी झाली. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी थेट घरांत. आमची मागची भिंत ओलीनं बसली. पुष्कळांना घरं पुन्हा बांधणं भागच होतं. तेव्हा पंचायतीनं, तालुक्याहून आलेल्या ओव्हरसियरला विचारून, त्या रस्त्यासाठी नियम केले. घरं सगळी एका रेषेत यावीत. जोतं रस्त्यापासून मांडीएवढं उंच असावं. घरापुढून नाली जाईल. रेषेबाहेर, रस्त्याच्या बाजूला, कुणी पायरी, ओटा, चौथरा काही काढायचा नाही.

नियम चांगले होते, हे मी आजही म्हणेन. पाणी घरात शिरायचं थांबलं. रस्त्यावरून समोरासमोर दोन गाड्या जाऊ लागल्या. मला व्यवस्थेची आवड, मला ती सरळ रेषा फार आवडली. तुमच्या आजोबांनी तर अक्षरशः दोरी धरून घर बांधलं. आपली जागा अरुंद, म्हणून पायऱ्या रेषेच्या आत बसवताना त्या जरा उभ्याच झाल्या. घरभरणी झाली, पुरणपोळी झाली, लोक जोत्याला हात लावून "मजबूत" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी गाडी दारापर्यंत आणली आणि खाली पाहिलं.

काही दिवस आजोबा त्यांना उचलून खाली ठेवत आणि परत आल्यावर उचलून वर घेत. मग एका संध्याकाळी ते शाळेतून उशिरा आले. वन्सं पायऱ्यांखाली रस्त्यावर तशाच वाट पाहत बसलेल्या. येणारा-जाणारा विचारत होता, "काय ताई, इथं काऊन बसल्या?" त्या दिवशी त्या वर आल्या आणि म्हणाल्या,

"आता मले उचलू नको. मी काय ज्वारीचं पोतं हाओ का?"

"अक्का, मला त्रास होत नाही," आजोबा म्हणाले.

"तुले नाई होत. मले होते."

गाडी खुंटीला टांगली गेली. लोकांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट सगळे म्हणू लागले, की आता ताईला किती आराम झाला. बाया मापं द्यायला घरी येऊ लागल्या. खिडकीपाशी मशीन, पाटावर पाणी, सगळं हाताशी. पण त्या मापं घेऊन झाल्यावर पूर्वीसारख्या बोलत नसत. संध्याकाळी मला विचारत, "रेडिओवर काय सांगतलं आज?" मला काय ठाऊक! मी कुठं तिथं जाऊन बसणार? मग त्या मशीनचं चाक फिरवत. एकदा म्हणाल्या,

"पाह्यलं का वहिनी, सारे मले भेटाले येतात, मी कोनालेच भेटाले जात नाई. असं तर माणूस मेल्यावर असते."

मी वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. त्या ऐकून घेत. पण त्यांना बातमी नको होती, बातमीपर्यंत जायचं होतं. ते मला हळूहळू कळलं.

खिडकीतून समोरचं घर दिसे. तिथं एक शेतकरी कुटुंब राही. त्यांनीही नियमानं उंच जोत्यावर नवं घर बांधलं होतं. आपल्याकडे गुरं पुढच्या दारानंच अंगणात नेतात, मागं गोठ्याला वेगळी वाट क्वचित. रोज दिवे लागायच्या आधी त्यांचे बैल रस्त्यावरून येत, नालीवर टाकलेल्या दगडांवरून वर चढत आणि दारातून आत जात. वन्संनी हे किती दिवस पाहिलं कोण जाणे. एके दिवशी हातातली चोळी खाली ठेवून मला म्हणाल्या,

"वहिनी, तू पंचायतीत बसतं ना? मंग मले सांग, समोरच्याईचा उतार रस्त्यात कसा काय चालते?"

हे सांगायचं राहिलंच. कायद्याप्रमाणे पंचायतीत दोन बायका घ्यायच्या होत्या. नियम झाल्यानंतरच्या वर्षी शिकलेली म्हणून मला घेतलं. दुसरीच्या वतीनं तिचे यजमानच येऊन बसत. मी त्या रात्री नियम काढून नीट वाचला. रेषेबाहेर काही काढायचं नाही, हे खरं. पण शेवटी एक सूट होती. गुरं घरात नेण्यापुरता उतार रस्त्याच्या बाजूला करता येईल.

यात कुणाचं कपट नव्हतं. नियम करायला जे बसले होते त्या सगळ्यांच्या घरी बैल होते. बैलाला पायऱ्या चढता येत नाहीत हे त्यांना रोज दिसत होतं. जे रोज दिसतं ते नियमात आलं. वन्संही त्यांना रोज दिसत होत्या, पण निंबाखाली, रेडिओपुढं, आधीच पोचलेल्या. त्या तिथवर कशा येतात हे कुणी पाहिलं नव्हतं.

आजोबांनी रीतसर अर्ज केला. उत्तर द्यायला सरपंच स्वतः घरी आले. मोठे जमीनदार, वयानं साठीकडे झुकलेले, बोलायला गोड आणि हलवायला जड. पायऱ्या चढून आले तेव्हा दाराची चौकट धरून जरा उभे राहिले.

"मास्तर, तुमचा अर्ज वाचला. अक्षर असं, का काचेत लावाव."

"मंजूर झाला का?"

"नियमात नाई ना बसत. आज तुमाले उतार देला, उद्या शिंपी म्हणन मले ओटा द्या, परवा चहावाला म्हणन मले बाक टाकू द्या. अशानं रस्त्याचा पुन्हा बोळ होईन."

खिडकीपाशी चाललेला मशीनचा आवाज थांबला. "भाऊ, समोरचा उतार कोन्या नियमात बसला?"

"तो जनावराचा हाये, ताई. बैल का पायऱ्या चढन?"

"अन् मले चढता येते का?"

सरपंच हसले. "आता काय सांगाव बाप्पा! मास्तर, एखादी कालवड बांधा दारात. दुसऱ्याच दिवशी मंजुरी देतो, पाहा."

ते थट्टेनं बोलले होते. पण समोरची शेजारीण तेव्हा माप द्यायला येऊन बसली होती, आणि तिला थट्टा कळायला वेळ लागे, काम कळायला लागत नसे. सरपंच गेल्यावर ती म्हणाली, "माही लाल कालवड घेऊन जा. निम्म्या वाट्यानं सांभाळा."

आपल्याकडची ही जुनी रीत आहे. ज्याच्याकडे गुरं जास्त, तो एखादं लहान जनावर दुसऱ्याला सांभाळायला देतो. खाऊ-पिऊ घालायचं सांभाळणाऱ्यानं, आणि ते मोठं झालं की दोघांचा सारखा वाटा. म्हणजे कालवड खरोखरच निम्मी आमची होणार होती. आजोबा तरी कचरत होते. "हे नियमाला फसवणं नाही का?" मी त्यांना नियम वाचून दाखवला. कालवड खरी आहे, ती पुढच्या दारानं आत येणार आहे, तिला पायऱ्या चढता येत नाहीत. यात खोटं काय आहे? वन्सं म्हणाल्या, "पाहा, बी.ए. कामी आलं."

कालवड आली. मंजुरीही आली, आणि त्यात लिहिलं होतं, की उतार समोरच्या घरासारखा करावा. गवंड्यानं तसाच केला. गुरांचा उतार कसा करतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. दगड आडवे न बसवता उभे रोवतात, मध्ये फटी ठेवतात, म्हणजे खूर अडकून धरतो आणि जनावर घसरत नाही. आणि तो सरळ, उभा, थेट दारात चढवतात, कारण बैलाला ताकद कमी नसते.

उतार झाला त्या दिवशी कालवडीच्या कपाळाला कुंकू लावलं. ती दोन उड्यांत वर गेली. मग वन्संनी खुंटीवरची गाडी काढायला लावली, चाकांना तेल घातलं आणि उताराच्या तोंडाशी आल्या. गल्ली जमली होती. पुढचं चाक पहिल्याच फटीत गेलं. गाडी तिरपी झाली, आणि वन्सं उतारावरून हातावर घसरत खाली आल्या. तळहात सोलून निघाले. आवाजानं बिचकलेली कालवड घरातून परत बाहेर आली आणि त्यांच्या अंगावरून उडी मारून पळाली. कुणीतरी हसलं.

वन्संनी पदरानं हात पुसले. "कालवडीचं झालं," त्या म्हणाल्या. "आता माणसाचं पाहा."

फटी चुन्यानं भरून टाकू, असं आजोबा म्हणाले. पंचायतीचे सेक्रेटरी म्हणाले, तसं केलं तर जनावर घसरेल, आणि मंजुरी जनावराची आहे. त्यांचं बरोबरच होतं. शिवाय तो चढ इतका उभा होता, की गुळगुळीत केला असता तरी हातांच्या जोरावर वर येणं शक्य नव्हतं. गुरांसाठी मागितलं होतं, गुरांचं मिळालं.

पुढच्या मासिक सभेत मी विषय काढला. डोक्यावर पदर, आवाज जेमतेम. सगळ्यांनी मानानं ऐकलं. "बाई शिकेल हायेत, बरोबर बोलतात," असंही कुणी म्हणालं. मग सरपंच म्हणाले, "पाहू," आणि विहिरीच्या गाळाचा विषय निघाला. घरी येऊन मी वन्संना जसंच्या तसं सांगितलं.

"तू गावची सून हाय," त्या म्हणाल्या. "सुनेले गाव 'पाहू' म्हणते. मी लेक हाओ. मले म्हणून पाहू दे."

त्यापुढच्या सभेच्या संध्याकाळी त्यांनी नवं लुगडं नेसलं. मला म्हणाल्या, गाडी उचल आणि खाली नेऊन ठेव. मी नेली. आजोबा पुढं झाले, तर त्यांना नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. मग त्या उभ्या दगडांवरून, पाठमोऱ्या, हातांवर भार देत एकेक दगड उतरल्या. लहानपणी गाडी नव्हती तेव्हा त्या अशाच फिरत. खाली येऊन गाडीत बसल्या, ठोकळे घेतले. किती महिन्यांनी गल्लीत तो खडखडाट झाला! बाया दारांत आल्या. कुणी आधण ठेवलं नाही, सगळ्या नुसत्या बघत राहिल्या.

मी मागून चालत होते. पंचायतीपाशी पोचलो आणि माझ्या लक्षात आलं. पंचायतीची कचेरीही नवी होती. तीही नियमानं बांधलेली, मांडीएवढ्या जोत्यावर, पुढं पायऱ्या. आत कंदील लागलेला, सभासद बसलेले. वन्सं पायऱ्यांखाली थांबल्या.

"भाऊ!" त्यांनी हाक मारली. रेडिओपेक्षा मोठा आवाज. "मले आत येता येत नाई. तुमी बाहेर या."

आत कुजबुज झाली. मग सरपंच आले, मागून बाकीचे. सरपंच दोन पायऱ्या उतरले, तिसरीवर गुडघा धरून थांबले आणि तिथंच बसले. बाकीचेही इकडंतिकडं टेकले. अशी ती सभा रस्त्यावर भरली. निंबाखाली रेडिओ ऐकायला आलेल्यांनी रेडिओ बारीक केला.

"बोला ताई."

"नियमात एक ओळ वाढवा. जनावराले उतार हाये, माणसाले पायजे."

एक तरुण सभासद म्हणाला, "पण ताई, पूर्ण गावात तुमी एकट्याच तर अशा. एका माणसासाठी काऊन नियम बदलाव?"

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या सरपंचांच्या हाताकडे पाहत होत्या. तो हात अजून गुडघ्यावर होता.

"मी पहिल्यापासून अशी हाओ," त्या म्हणाल्या. "तुमी सारे हळूहळू येऊन राह्यले."

 सरपंचांनी हात गुडघ्यावरून काढला आणि थोड्या वेळानं परत तिथंच ठेवला.

मग ते बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात आता थट्टा नव्हती. "रस्त्यात किती येईन?"

"रस्त्यात येतच नाई. भिंतीच्या कडेकडेनं घ्या, नालीवरून. लांब घ्या, उभा नको."

"नाली कशी साफ कराची मंग?"

"फरशा नुसत्या ठेवा, चुन्यात बसवू नका. झाडणारा येईन तवा उचलून घेईन."

सरपंचांनी मान हलवली. "अन् ताई, वाईट नका मानू, पण तुमच्या मागं? एकदा झालेला उतार कोणी काढत नसते. त्यावर मंग दुकान लागते."

"माह्या मागं काढून टाका," वन्सं म्हणाल्या. "तोवर राहू द्या."

सरपंच माझ्याकडे वळले. "बाई, लिहा." मी कचेरीच्या पायरीवर बसून लिहिलं. ज्याला पायांनी चढता-उतरता येत नाही अशा माणसाच्या घरापुढं, भिंतीलगत, नालीवर उचलता येणाऱ्या फरश्यांचा उतार करता येईल, ते माणूस त्या घरात राहतं तोवर. मी आयुष्यात बरंच इंग्रजी आणि मराठी लिहिलं. त्या ओळीइतकं उपयोगी काही लिहिलं नाही.

उतार किती चढाचा असावा हे ठरवायला ओव्हरसियर लागला नाही. जुन्या घराचं दार मागं पडून होतं. समोरच्या शेजारणीनं ते आडवं टाकलं, एका टोकाखाली विटा रचल्या, आणि वन्सं त्यावर गाडी चढवून पाहू लागल्या. "अजून खाली कर." एक वीट काढली. "अजून." पुन्हा काढली. "आता मांडीवर भरलं फुलपात्र घेऊन येता येईन." तो चढ ठरला. गवंड्यानं तोच चढ भिंतीच्या कडेनं लांबवर ओढला.

गुरांचा उतार काढून टाकला. कालवडीचं काही अडलं नाही. ती नव्या उतारावरून डौलात जाऊ-येऊ लागली, आणि वन्सं मागून ओरडत, "बाजूले हो वो, माह्या नावाचा हाये!" ती व्याली तेव्हा तिचं दूध तुमचे बाबा प्याले.

पंचायतीच्या कचेरीलाही तसाच उतार झाला. वन्सं सांगत, की त्यावरून पहिलं कोण गेलं हे त्यांनी स्वतः पाहिलं. एक दिवस रेडिओला त्या लवकर पोचल्या होत्या. निंबाखाली कुणी नव्हतं. सरपंच आले, इकडंतिकडं पाहिलं, पायऱ्या सोडून भिंत धरून हळूच उतारावरून वर निघाले. वन्संनी निंबाखालून विचारलं,

"काय भाऊ, कालवड कोठी हाये तुमची?"

पुढची पुष्कळ वर्षं मी विचार करत राहिले, की एवढ्या साध्या गोष्टीला इतका वेळ का लागला. दुष्ट माणूस यात एकही नव्हता. सरपंचांना रस्ता मोकळा हवा होता, तो हवाच होता. सेक्रेटरी नियमानं वागले. आजोबाही नियमानं वागले. आणि आम्ही वाट काढली तीही नियमातूनच काढली, पण त्या वाटेनं वन्सं जनावर म्हणून गेल्या असत्या. त्या घसरल्या हे बरंच झालं असं मला आता वाटतं. फटी थोड्या लहान असत्या, चढ जरा कमी असता, तर आम्ही सगळे तेवढ्यावर समाधान मानून बसलो असतो. पोरांनो, तुमच्या सभेत परत जाल तेव्हा एवढंच पाहा, की ज्यांच्या घरांबद्दल बोलणं चाललंय ते आत येऊन बसू शकले आहेत का. नसतील तर खुर्च्या बाहेर न्या.

तुमचे बाबा कॉलेजात असताना वन्सं गेल्या. तेरावं झाल्यावर आजोबा पंचायतीत गेले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, की अट संपली, उतार काढून न्यावा. तुमच्या आजोबांना तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हाला याचं नवल वाटलं नसतं.  अटीचे शब्द वन्संचेच होते आणि मी लिहिलेले होते.

तेव्हाचे सेक्रेटरी नवे होते. ते दोन माणसं घेऊन आले. उतारावर समोरची शेजारीण बसली होती. एव्हाना ती म्हातारी झाली होती, आणि रोज दुपारी माझ्याकडे येताना तिला पायऱ्या जमत नसत. सेक्रेटरींनी तिला उठायला सांगितलं.

"काऊन उठू?"

"हा उतार काढाचा हाये आजी. ज्याईच्या नावावर होता त्या वारल्या."

"मंग माह्या नावावर करा."

"तुमी या घरात नाई राहत ना."

"रातचीच नाई राहत," ती म्हणाली. सेक्रेटरींनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, की नियमात दिवस-रात्र असं काही लिहिलेलं नाही. माणसं चहा पिऊन परत गेली.

शेजारणीनंतर तो काही वर्षं आजोबांच्या नावावर होता, अर्धांगाचा झटका आल्यापासून शेवटपर्यंत. कागदावर कुणी काही केलं नाही, पण आम्ही घरात तसंच म्हणत असू.

आता काय राहिलं आहे ते सांगते. सुताराची गाडी वाळवीनं खाल्ली. ठोकळे कुठं गेले ते माहीत नाही. पंचायतीची ती कचेरी पाडून नवी झाली, आणि मी लिहिलेली ओळ कुठल्या कपाटात असेल की नसेल, सांगता येत नाही. रस्त्यावर थरावर थर डांबर पडत गेलं, त्यामुळे रस्ता पुन्हा वर आला आणि उताराच्या खालच्या फरश्या त्याखाली गेल्या. वरच्या तीन फरश्या आहेत. नाली झाडणारा येतो तेव्हा त्या उचलतो आणि काम झालं की परत ठेवतो. संध्याकाळी मी काठी घेऊन त्यांवरून खाली उतरते. सध्या उतार माझ्या नावावर आहे.